परमुलखात पडलेल्या सैनिकाचा शोध घेताना या चुका टाळा

आमच्या खेडच्या घरी देवघराच्या फळीवर एक जड, गोल तबकडी असायची. गणपती आले की समया, घंटा, ताम्हण यांच्या जोडीने तीही चिंचेने घासून निघायची. पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या घरी ब्रिटिश सरकारने पाठवलेली ही काशाची स्मृतिचकती आहे, आणि तिच्यावरची उठावाची अक्षरं म्हणजे आजीच्या थोरल्या चुलत्यांचं नाव आहे, हे मला फार उशिरा कळलं. तोवर अक्षरं निम्मी झिजली होती. त्यानंतर खेड, दापोली, चिपळूणकडच्या बऱ्याच घरांतून अशा शोधांत मी हात लावला. चुका सगळीकडे जवळपास त्याच होतात.

पहिली चूक ही घासण्याचीच. चकतीवर मुद्दामच फक्त नाव घातलेलं असतं, हुद्दा नाही आणि पलटणही नाही. म्हणून चकतीवरून पुढे जाता येत नाही, पदकावरून जाता येतं. पहिल्या युद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेला नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. कड बोटाच्या पेरापेक्षा बारीक, त्यामुळे पॉलिशने ती आधी जाते. पदक घासू नका, बॅटरीचा उजेड तिरका पाडून कडेचे फोटो चहूबाजूंनी काढा. त्यातला नंबर मिळाला की अर्धं काम झालं, कारण एकाच पलटणीत एकाच नावाचे पाच-सहा जण सहज असत.

ट्रंकेतले कागद उन्हात वाळत घालणं हीही तशीच चूक. कोकणातल्या पावसाने ओलावलेला कागद उन्हात कुरकुरीत होतो आणि शाई उडते. आधी फोटो घ्या, मग सावलीत पसरा. मोडीतली पत्रं 'वाचता येत नाहीत' म्हणून टाकून तर मुळीच देऊ नका. मोडी वाचणारी माणसं आजही मिळतात.

आता पत्त्यातली किल्ली सांगतो. सेन्सॉरमुळे शिपायाला गावाचं नाव लिहिता येत नसे. पण पहिल्या युद्धातल्या पोस्टकार्डावर 'इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स' आणि पुढे एक अक्षर असतं. ए म्हणजे फ्रान्स, बी आणि सी म्हणजे पूर्व आफ्रिका, डी म्हणजे मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, ई आणि एफ म्हणजे इजिप्तकडची आघाडी, जी म्हणजे तुर्कस्तानातलं गॅलिपोली. आमच्या घरच्या कार्डावर डी होता. त्या एका अक्षराने बाकीच्या सगळ्या आघाड्या बाद झाल्या.

तोंडी माहिती खोटी नसते, ती ढोबळ असते. 'बसऱ्याला गेले आणि तिकडेच राहिले' हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलं आहे. बसरा हे बंदर. माणसं तिथे उतरत आणि मग तैग्रिस नदीच्या काठाने वर जात. म्हणून बसरा म्हणजे तेसिफोनची लढाई असू शकते, कुतचा वेढा असू शकतो, किंवा कुतच्या शरणागतीनंतरची कैद असू शकते. 29 एप्रिल 1916 ला कुत तुर्कांच्या हाती पडलं तेव्हा आत 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी होत्या. कैद्यांना तिथून पायी उत्तरेकडे नेलं आणि कित्येक वाटेतच गेले. अशा माणसाची नेमकी तारीख मिळेलच असं धरून बसू नका.

'आपला माणूस म्हणजे मराठा पलटण' हेही गृहीत धरू नका. कोकणातली माणसं बॉम्बे सॅपर्स या इंजिनिअर तुकडीत होती, मजूर तुकड्यांत, खेचरांच्या तांड्यांत, इस्पितळांतही होती. 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली, आणि आजची महार रेजिमेंट 1941 ची आहे. पलटणींचे नंबरही 1922 च्या फेररचनेत बदलले. पहिल्या युद्धातली 103 वी मराठा आणि दुसऱ्या युद्धातली पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री यांची सांगड न घालता शोधलं तर माणूस हाताला लागत नाही.

सीडब्ल्यूजीसीच्या यादीत शोधताना

दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची (सीडब्ल्यूजीसी) यादी ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. तिथे पैसे मागणाऱ्या कुणाच्या नादी लागू नका. पण सिंधुदुर्ग किंवा रायगड टाकून काही मिळणार नाही. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये झाला, त्याआधी मालवण, कणकवली, देवगड हे सगळं रत्नागिरीत. रायगड तेव्हा कुलाबा होता, आणि सावंतवाडी हे वेगळं संस्थान होतं. अधिक माहितीच्या रकान्यात 'अमक्याचा मुलगा, अमकं गाव, रत्नागिरी' अशी ओळ अनेकदा असते. तिथे तालुक्याच्या नावाने शोधा.

नावाचं स्पेलिंग ज्या कारकुनाने ऐकलं त्याचं असतं. पवारांचं पोवार होतं, चव्हाणांचं चवान, जाधवांचं जाधाव. शिवाय अनेक नोंदींत आडनावाच्या रकान्यातच पूर्ण नाव घातलेलं आहे, आणि कित्येकांचं आडनाव लिहिलेलंच नाही. नुसतं 'सखाराम' किंवा 'राघो' टाकून पलटणीने गाळणं जास्त उपयोगी पडतं.

कबर शोधत बसणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. घरचे विचारतात, 'कबर कुठे आहे?' हिंदू सैनिकाला जिथे शक्य तिथे अग्नी दिला गेला. त्याचं नाव असतं दहन-स्मारकावर, जसं एरिट्रियात केरेनला, इटलीत फोर्ली आणि सांग्रोला, मणिपुरात इम्फाळला. ज्यांचा देह सापडला नाही त्यांची नावं मोठ्या स्मारकांच्या फलकांवर आहेत, आणि ते स्मारक मृत्यूच्या जागेपासून पुष्कळ दूर असू शकतं. माणगावला ज्यांचा पुतळा आहे ते नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण नाव आहे ते दक्षिणेला कसिनोच्या स्मारकावर. तेव्हा स्मारकाचं गाव वाचून 'कसिनोच्या लढाईत गेले' असं वंशावळीत लिहू नका.

बसरा स्मारकाचं दुःख वेगळं आहे. तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचा मात्र पलटणवार नुसता आकडा. नावं कागदावरच्या यादीत राहिली. म्हणजे फलकाचा फोटो मिळाला तरी त्यात आपला माणूस दिसणार नाही. आजीला हे सांगताना माझा घसा दाटला होता. शिवाय ते स्मारक 1997 मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेलं आहे. जुना नकाशा धरून जागा सांगू नका.

बोटीवर गेलेल्यांना तर लोक सैनिकांत धरतच नाहीत. आपल्या किनाऱ्यावरचे किती खलाशी, सारंग, आगवाले टॉर्पेडोने बुडालेल्या बोटींबरोबर गेले! त्यांची नावं लंडनच्या टॉवर हिलवरच्या व्यापारी खलाशांच्या स्मारकावर शोधू नका. हिंदी खलाशांची नोंद मुंबईच्या स्मारकाखाली आहे आणि ते मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दोन्ही युद्धांचे मिळून आठ हजारांहून अधिक आहेत.

नाव यादीत नाही म्हणून थांबणं

कमिशनच्याच 2021 च्या अहवालात कबूल केलं आहे की मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्ती अशा किमान 1,16,000 मृतांची नावानिशी किंवा कसलीच नोंद झाली नसावी. नाव नसेल तर अर्ज करता येतो. त्यासाठी तो माणूस सैन्यात होता आणि 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 किंवा 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळात वारला, याचा पुरावा लागतो. नोकरीतून सुटून घरी आल्यावर वारला असेल तर मरणाचं कारण नोकरीशी जोडून दाखवावं लागतं.

हा पुरावा पुष्कळदा गावातच असतो. कुटुंब-पेन्शनचे कागद पाहा, शाळेचं जनरल रजिस्टर पाहा, आणि सगळ्यात भरवशाचं म्हणजे वारसाचा फेरफार. जमीन विधवेच्या किंवा भावाच्या नावावर झाली तेव्हा 'मयत' अशी नोंद पडते आणि तिच्यात कधी कधी 'लढाईत' हा शब्दही असतो. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नक्कल मागताना आजचा तालुका लिहून भागत नाही. त्या काळचा तालुका, गावाचं जुनं नाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर हे चारही लिहा, नाहीतर 'अभिलेख आढळत नाही' असा शेरा मारून अर्ज परत येतो.