चिखलात उतरताना गाडीची किल्ली कुणाकडे?

चिखलातल्या अडथळ्यांच्या शर्यतीला पाच जण एका गाडीतून निघालात, तर आधी किल्ली. गाडीची किल्ली कुणाकडे राहणार हे आदल्या रात्री ठरवा, आणि काय ठरलं ते पाचही जणांना तोंडपाठ असू द्या. बाकीची यादी खाली आहेच. पण गेल्या वेळी बाकी सगळं जागच्या जागी होतं आणि नेमकं हेच राहिलं, म्हणून ते सगळ्यात वर. कोरडे कपडे, टॉवेल, पाण्याचे कॅन, पैसे, फोन, सगळं गाडीत असतं. किल्ली चिखलात गेली की ते सगळं फक्त काचेतून दिसतं.

चड्डीच्या खिशात किल्ली नको. चेनवाल्या खिशातही नको, कारण पोटावर सरपटताना चेनच्या दातांत वाळू बसते आणि दोन अडथळ्यांनंतर ती लागत तरी नाही किंवा उघडत तरी नाही. मोज्यात नको. दोन झिप पिशव्यांत गुंडाळून नेणारे महाभाग असतात. अंगाखाली दाबली गेली की पिशवीच्या कोपऱ्यातून पाणी शिरतं, आणि रिमोटची किल्ली एकदा गढूळ पाण्यात बुडली की पुढे तिचा भरवसा नाही. टायरवर लपवायचा विचार तर सोडाच. बटणावर उघडणाऱ्या गाडीला किल्ली नुसती जवळ असली तरी पुरते, म्हणजे टायरवर किल्ली ठेवणं आणि दार सताड उघडं टाकणं एकच.

मग ठेवायची कुठे? न धावणारा कुणी सोबत असेल तर त्याच्याकडे. नसेल तर सामान ठेवायच्या काउंटरवर, पिशवीच्या आतल्या कप्प्यात, आणि टोकनचा नंबर दोघांच्या दंडावर पक्क्या मार्करने लिहून. टोकनचा कागद चिखलात टिकत नाही. दुसरी किल्ली घरातून काढून दुसऱ्याच माणसाच्या पिशवीत ठेवा. आणि रिमोटच्या पोटात धातूची छोटी किल्ली लपलेली असते, ती घरीच एकदा काढून दार उघडून बघा. दाराच्या मुठीत किल्लीचं भोक कुठे आहे हे गाडीमालकांनाच ठाऊक नसतं. काही गाड्यांत ते टोपणाखाली असतं.

आता शर्यत. मुंबई-पुण्यात या प्रकाराची ओळख बहुतेकांना डेव्हिल्स सर्किट या शर्यतीमुळे झाली. ५ किलोमीटर अंतर, १५ अडथळे. ‘पाच किलोमीटर तर मी रोज चालतो’ म्हणणारा एक जण प्रत्येक टोळक्यात असतो, आणि सातव्या अडथळ्यापाशी तोच कमरेवर हात ठेवून उभा असतो. इथे दम नंतर जातो, पंजे आधी जातात. त्यामुळे सराव लटकण्याचा करा. सहा ते आठ आठवडे हातात ठेवा. बागेतल्या लोखंडी बारला नुसतं लटकायचं, पहिल्या आठवड्यात १५-२० सेकंद, शेवटी ४५ पर्यंत, दिवसातून चार-पाच वेळा. ४५ जमले की बारवर ओला टॉवेल टाकून त्याची दोन्ही टोकं धरून लटका. ओलं, जाड आणि निसरडं धरायची सवय तिथेच लागते. पळायला हनुमान टेकडी, नाहीतर पर्वतीच्या पायऱ्या. सपाटीवर पळणार असाल तर ४०० मीटर पळून १० जोर, पुन्हा ४०० मीटर, असं दहा-बारा वेळा, कारण शर्यतीत सलग पळणं होतच नाही. थांबा, सरपटा, चढा, पुन्हा पळा, यानेच मांड्या भरून येतात. बैठकांचं वेगळं सांगायला नको.

दोराचं मात्र वेगळं सांगायला हवं. गटात कुणी दोरीचा मल्लखांब केलेला असेल तर तो खुशीत असतो. पण तिथे दोर अनवाणी पायाच्या अंगठ्यात धरतात, इथे पायात चिखलाने माखलेले बूट असतात. अढी वेगळी घालावी लागते. दोर उजव्या पायाच्या बाहेरून खाली सोडा, डाव्या पावलाने तो उजव्या तळव्याखालून उचलून डाव्या पावलावर घ्या, वरून उजव्या बुटाने दाबा. दोर दोन पावलांमध्ये आवळला गेला की उभं राहायचं. हातांनी ओढायचं नाही, पायांवर उभं राहायचं. मग गुडघे पोटाशी घेऊन पुन्हा अढी. उतरताना हातावर हात घेत या. हात सरकवलेत की तळव्याची साल निघते आणि पुढचे सगळे बार त्याच तळव्यांनी धरायचे असतात.

बूट जुने, पण खाली खाचा शाबूत असलेले. वरचा भाग जाळीचा हवा, पाणी लगेच निघून जातं. जाड फोमचे रस्त्यावर पळायचे बूट स्पंजासारखं पाणी पितात आणि प्रत्येक पाऊल जड होतं. कालच आणलेले कोरे बूट नकोत, फोड येतात. नाडीला दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचा. घट्ट चिखलातून पाय ओढताना सैल बूट तिथेच राहतो आणि मागून येणारा त्यावर पाय देतो. मोजे पातळ नायलॉनचे, पोटरीपर्यंत, म्हणजे दोराने नडगी सोलत नाही. सुती काहीही नको, मोजेही नाहीत आणि टी-शर्टही नाही. भिजलेलं सूत अंगाला लोंबतं, घासतं आणि वाळत नाही. अंगासरशी ड्रायफिट, म्हणजे लगेच वाळणारा टी-शर्ट, खाली पूर्ण लांबीची टाइट्स, कारण सरपटताना खडी गुडघ्यातच घुसते. नीपॅड घसरतात आणि त्यांच्या आत वाळू साठते, त्यापेक्षा नसलेले बरे. हातमोजे ओले झाले की बारवरून घसरतात, तेही नकोत.

जांघेत, काखेत आणि स्तनाग्रांवर व्हॅसलीन लावा. लावून झालं की हात साबणाने धुवा, नुसते पुसू नका. त्याच हातांनी बार धरलात तर थेट खालच्या पाण्यात.

नखं दोन दिवस आधी कापा, पायाचीही. अंगठी घरी, हट्ट नको: बारवरून घसरताना अंगठी अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते. मंगळसूत्र, कडं, घड्याळ घरी. कॉन्टॅक्ट लेन्स घालू नका, गढूळ पाणी लेन्सखाली गेलं की डोळ्याला संसर्ग होऊ शकतो. चष्म्याला मागे दोरी बांधा. दम्याचा पंप असेल तर तो गाडीत नाही, काउंटरवर नाही, अंगावर, छोट्या डबीत, आणि तो कुणाकडे आहे हे गटाला माहीत हवं. किल्लीसारखंच.

नोंदणी करताना सगळ्यांनी एकच स्लॉट घ्या. शक्यतो सकाळचा पहिला, कारण उशिराच्या स्लॉटपर्यंत प्रत्येक बार आणि भिंत शेकडो चिखली हातांनी माखलेली असते. ओळखपत्र लागतं. आदल्या रात्री मिसळ नको. सकाळी दोन-अडीच तास आधी पोहे नाहीतर केळी, आणि थोडं थोडं पाणी. एवढं पुरे.

वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. भिंतीपाशी क्रम ठरवून ठेवा, तिथे उभं राहून वाद घालू नका. ताकदवान माणूस आधी वर चढून भिंतीवर घोड्यासारखा बसतो. सगळ्यात शेवटी उरतो तो हलका आणि उंच उडी मारणारा, कारण त्याला खालून ढकलायला कुणी नसतं. सगळ्या हलक्यांना आधी ढकलून वर दिलं आणि खाली एक सव्वाशे किलोचा गडी उरला, हे दृश्य दर शर्यतीत दिसतं. उचलणाऱ्याने पाठ ताठ ठेवून भिंतीला टेकावं, चढणाऱ्याने पाय त्याच्या मांडीवर कमरेजवळ द्यावा, गुडघ्यावर नाही. ओढून घेताना बोटं नाही, मनगटाला मनगट धरा. पलीकडे उडी मारू नका. हातांनी लोंबकळून मग सोडा, उंची तेवढीच कमी होते. गढूळ डबक्यात डोकं पुढे करून कधीच शिरू नका. खोली दिसत नाही आणि तळाशी कुणाचा तरी पाय असतो.

बर्फाच्या पाण्याची टाकी हाही एक अडथळा. तिथे थंडीच्या धक्क्याने श्वास आपोआप आत ओढला जातो. पहिलं अर्धं-एक मिनिट तसंच असतं, मग ओसरतं. म्हणून आत शिरताना श्वास सोडत शिरा आणि डोकं पाण्याखाली घालायची वेळ आलीच तर श्वास ताब्यात आल्यावर. हृदयाचा त्रास किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर टाकीला वळसा घाला, कुणी हसलं तर हसू दे.

तोंड बंद ठेवा. हे गमतीत घेतलं जातं, पण २०१२ साली अमेरिकेतल्या नेवाडात गुरांच्या रानात झालेल्या अशाच एका शर्यतीनंतर चिखलाचं पाणी तोंडात गेलेल्यांना कॅम्पिलोबॅक्टर या जुलाब करणाऱ्या जंतूची लागण झाली होती, आणि २००० साली बोर्निओतल्या सबामधल्या इको-चॅलेंज या साहसी शर्यतीनंतर खेळाडूंना लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा ताप) झाला होता. लेप्टो म्हणजे काय हे मुंबईकरांना समजावायला नको. अंगावर उघडी जखम असेल तर जाऊच नका. नंतर महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या तर डॉक्टरांना चिखलाचं आवर्जून सांगा. ते आपणहून विचारणार नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन ५ वर्षांत घेतलेलं नसेल तर आधीच घ्या.

गाडीत ठेवायचं: ५ लिटरचे दोन कॅन (तिथल्या नळाला रांग असते), जुनी चादर सीटवर, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, स्लिपर, टॉवेल, अंतर्वस्त्रांसकट पूर्ण कपडे, साबण, जंतुनाशक, कोरडी भडंग. आणि हे सगळं गाडीत असणार, म्हणून परत विचारतो: किल्ली कुठे? सुरुवातीच्या रेषेवर उभं राहिल्यावरही एकदा मोठ्याने विचारा. ज्याच्याकडे असायला हवी त्यानेच उत्तर द्यावं, ‘असेल ना’ हे उत्तर नाही.

संपल्यावर डोळे आधी धुवा, जखमा नंतर, बाकी अंग घरी. कुडकुडणाऱ्याने गाडी चालवू नये. कपडे बाथरूममध्ये धुवू नका, जाळी तुंबते. गच्चीत किंवा अंगणात बादलीत तीन पाणी काढा, मगच मशीन. बूट चिखल वाळायच्या आत धुवून आत वर्तमानपत्र कोंबा, सावलीत ठेवा. दंडावरचा टोकनचा नंबर दोन दिवस जात नाही, खोबरेल लावा.

दुसरी किल्ली त्याच रात्री परत जागेवर.