खुराड्यात हात घालण्याआधी बॅटरी मारा

मृग लागला की बिळांत पाणी शिरते आणि साप कोरड्या जागेच्या शोधात घराच्या आसऱ्याला येतात. नाग आणि धामण अंडी-पिल्ले खातात हे खरे, पण पुष्कळदा त्यांना खुराड्याकडे आणतात ते उंदीर. म्हणून आधी उंदरांचा बंदोबस्त करा. कणी, भरडा रात्री खुराड्यात ठेवू नका. सांडलेले दाणे दिवेलागणीच्या आत झाडून घ्या. खुराड्याला टेकून रचलेले सरपण, गोवऱ्या, जुनी कौले तिथून हलवा. हलवतानाही आधी काठीने ढोसा, पायात बूट असू द्या.

आता जाळी. बाजारात मिळणारी षट्कोनी भोकांची जाळी कोंबडीला आत ठेवते, सापाला बाहेर ठेवत नाही. पाव इंची चौकोनी भोकांची वेल्डमेश घ्या, महाग पडली तरी घ्या. ती खाली फूटभर जमिनीत गाडा आणि वर छपरापर्यंत न्या, कारण धामण सरसर चढते. दाराखाली करंगळी जाईल एवढीही फट नको. पावसाच्या तोंडाशी अंड्यातून निघालेले नागाचे पिल्लू तेवढ्यातून शिरते. नायलॉनची मासेमारीची जाळी मात्र लावू नका. साप तिच्यात गुरफटतो आणि सोडवताना माणसाला चावतो.

फिनेल, कार्बोलिक शिंपडून साप थांबत नाही. त्या उग्र वासाचा त्रास कोंबड्यांनाच होतो.

गेल्या श्रावणात आमच्या खुराड्यात नाग सापडला, तो सकाळी. रात्री जाळीतून आत आला, अंडी गिळली, आणि फुगलेल्या पोटाने त्याच भोकातून बाहेर पडता येईना. अंड्यांच्या टोपलीत, पेंढ्याखाली वेटोळे घालून बसला होता. रोज तिथे आई न बघता हात घालायची. त्या दिवशी कोंबड्या कोपऱ्यात दाटून कलकलत होत्या म्हणून ती थांबली. तेव्हापासून अंडी आम्ही संध्याकाळीच गोळा करतो. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी 21 दिवस जागची फारशी हलत नाही, तिला घरात डालग्याखाली बसवतो.

साप दिसला तर मारू नका. लांब राहून नजर ठेवा आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

चावलाच तर आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, मांत्रिक, सगळे टाळा. चावलेला हात हलू न देता 108 ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठा. मण्यार चावल्याचे अनेकदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. नुसता संशय आला तरी निघा.