सोनेरी देवनागरी अक्षरं आणि त्यांची स्वच्छ बाह्यरेषा

शुभेच्छापत्रावर ठसठशीत सोनेरी अक्षरं हवी असतील तर गिंप हा चित्रं करण्याचा प्रोग्राम पुरेसा आहे. तो फुकट मिळतो आणि जोडाक्षरं मोडत नाही. पण त्याचे बहुतेक धडे रोमन लिपीसाठी लिहिलेले असतात. तिथे प्रत्येक अक्षर सुटं असतं, आपली अक्षरं शिरोरेषेने जोडलेली. नेमकं तिथेच ते धडे निरुपयोगी ठरतात.

३००० × १५०० पिक्सेलचं चित्र घ्या. मुक्ता फाँटच्या एक्स्ट्राबोल्डमध्ये, ४०० पिक्सेल आकारात, 'शुभ दीपावली' टाइप करा. भाषा मराठी निवडा. अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवा. ते वाढवलं की शिरोरेषा तुटते.

आता बाह्यरेषा. 'टेक्स्ट टू पाथ' करून अक्षरांच्या कडांचा पाथ बनवा आणि त्या पाथला स्ट्रोक द्या, म्हणजे त्यावरून रेघ ओढा, हा सल्ला जागोजागी सापडतो. देवनागरीसाठी तो सरळ चुकीचा आहे. फाँटमध्ये प्रत्येक अक्षर ही स्वतंत्र बंद आकृती असते आणि शेजारच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. स्ट्रोक दिला की प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते. मग त्या रेघा खोडत बसावं लागतं.

त्याऐवजी टेक्स्ट लेयरवर, म्हणजे अक्षरांच्या थरावर, 'अल्फा टू सिलेक्शन' करा. इथे सगळं मिळून एकच आकार निवडला जातो, सांधे उरतच नाहीत. मग 'सिलेक्ट'मधून 'ग्रो', २० पिक्सेल. शिरोरेषेच्या जाडीच्या निम्म्यापेक्षा जास्त वाढवू नका, नाहीतर वेलांटी आणि उकार फुगून अंगावर येतात. टेक्स्टच्या खाली चित्राएवढाच नवा पारदर्शक लेयर घ्या आणि रंग त्यातच भरा.

रंग भरण्याआधी व, प, भ यांच्या पोकळ्या बघा. त्या अर्धवट बुजून बारीक ठिपके उरतात, आणि छापल्यावर ते डागासारखे दिसतात. पोकळ्या एकतर सगळ्या मोकळ्या हव्यात किंवा सगळ्या भरलेल्या. मी 'रिमूव्ह होल्स' वापरून भरतोच. वर सोनेरी अक्षर असल्याने वाचायला काही अडत नाही.

मात्र त्यासाठी बाह्यरेषा गडद हवी: किरमिजी किंवा गडद हिरवी. भच्या डोक्यावर शिरोरेषेत बारीक फट असते, तीच त्याला मपासून वेगळं करते. बाह्यरेषा पिवळी किंवा फिकी घेतली की ती फट सोन्यात विरते आणि 'शुभ'चं 'शुम' होतं. सणाच्या फलकावर असं अक्षर मला बघवत नाही.

सोन्यासाठी टेक्स्ट लेयरची प्रत काढा, कारण रंग ओढल्यावर त्यातला मजकूर बदलला तर तो रंग पुसला जातो. प्रतीवर 'लॉक अल्फा' करून, म्हणजे रंग अक्षरांबाहेर जाणार नाही असं करून, फिकट पिवळा, गडद गेरू, पुन्हा पिवळा असा ग्रेडियंट उभा ओढा. सुरुवात शिरोरेषेच्या वरच्या कडेला, शेवट अक्षराच्या पायाशी. वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत ओढलात तर गडद पट्टा अक्षराच्या मध्यावरून सरकतो. 'कंट्रोल' दाबून ठेवा म्हणजे रेघ सरळ जाते.

'ड्रॉप शॅडो', म्हणजे सावली, बाह्यरेषेच्या लेयरला द्या, टेक्स्टला नको.

एक्ससीएफ, म्हणजे गिंपची लेयरसकट मूळ फाइल, जपून ठेवा आणि पाठवायला पीएनजी काढा. जेपीजीमध्ये पारदर्शक पार्श्वभूमी टिकत नाही आणि सोनेरी कडांभोवती मळकट ठिपके येतात.