कॉम्प्रेशन स्प्रिंगचं ड्रॉइंग काढताय? या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमधून पहिल्यांदा स्प्रिंगची ऑर्डर गेली, तेव्हा ड्रॉइंग मी काढलं होतं. वायर 2 मिमी, ओडी (बाहेरचा व्यास) 18, एकूण वेढे 8, फ्री लेंथ (न दाबलेली लांबी) 45, टोकं ग्राइंड केलेली (घासून सपाट केलेली), आणि झाडून सगळ्या मापांना ±0.1 टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक. स्प्रिंग करणाऱ्या काकांनी कागद पाहिला आणि विचारलं, "साहेब, दाबल्यावर जोर किती पाहिजे?" नेमकं तेच लिहायचं राहिलं होतं.

स्प्रिंग आपण लांबीसाठी घेत नाही, जोरासाठी घेतो. म्हणून 'लांबी 30 असताना 96 न्यूटन, ±10 टक्के' असं लिहा. ओडी किंवा आयडी (आतला व्यास), जे फिटिंगला लागतं, त्यालाच टॉलरन्स द्या. फ्री लेंथ आणि वेढे फक्त संदर्भासाठी लिहा. स्प्रिंगचा कडकपणा, म्हणजे ती एक मिमी दाबायला लागणारा जोर, वायरच्या व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. 2 ऐवजी 1.95 ची वायर आली, तरी तो जवळजवळ 10 टक्क्यांनी उतरतो. ही तूट वेढ्यांत किंवा लांबीत थोडा फरक करूनच भरून निघते. सगळी मापं आवळून ठेवली, तर बिचाऱ्या स्प्रिंगवाल्याने करायचं काय?

हिशेबातली नेहमीची गफलत म्हणजे कडकपणाच्या सूत्रात ओडी टाकणं. तिथे मध्य व्यास लागतो, ओडीतून वायर वजा करून, इथे 16. त्या जागी 18 धरले, तर कडकपणा खऱ्यापेक्षा 30 टक्के कमी दिसतो. वेढेही 8 नाही, 6 धरायचे, कारण टोकाचा एकेक वेढा बंद असतो, तो काम करत नाही.

आता बोअर, म्हणजे स्प्रिंग ज्या भोकात बसते ते. मोकळी स्प्रिंग 18.1 च्या बोअरमध्ये आरामात जाते आणि दाबली की अडकते. दाबल्यावर वेढे आडवे होतात आणि व्यास वाढतो. आमच्या या स्प्रिंगमध्ये वेढे पूर्ण टेकेपर्यंत वाढ साधारण 0.13 मिमी निघते. शिवाय वायरचा आणि ओडीचा टॉलरन्स वेगळाच. त्यामुळे बोअर ठरवताना दाबलेली स्प्रिंग डोळ्यांसमोर ठेवा.

सॉलिड लेंथ, म्हणजे सगळे वेढे टेकल्यावरची लांबी, ग्राइंड केलेल्या टोकांना 16, न केलेल्यांना 18. स्ट्रोक, म्हणजे कामातला दाब, अगदी तिथपर्यंत नेऊ नका, थोडी फट राहू द्या.

गंज नको म्हणून स्टील बदलून स्टेनलेस मागवलं आणि ड्रॉइंग तेच ठेवलं, तर स्प्रिंग मऊ येईल. स्टेनलेसचा जी मॉड्युलस, म्हणजे धातू पिळाला किती विरोध करतो त्याचं माप, दहाएक टक्क्यांनी कमी असतो.

लॉट तपासताना फ्री लेंथ व्हर्निअरच्या जबड्यात आवळून मोजू नका, स्प्रिंग तेवढ्यानेही दबते. आणि मोजण्याआधी ती दोन-तीन वेळा पूर्ण दाबून सोडा. नवी स्प्रिंग पहिल्या दाबात थोडी बसते, त्यानंतर येते ती तिची खरी लांबी.