पॅटर्नवरून उन्हाळी ड्रेस शिवताय? या चुका टाळा

ड्रेस बिघडला की आपण मशीनला दोष देतो, नाहीतर स्वतःच्या हाताला. चार-पाच ड्रेस शिवल्यावर माझ्या लक्षात आलं, की बिघाड बहुतेक वेळा कापड बेतण्याआधीच होऊन बसलेला असतो.

सगळ्यात महागात पडते ती साइजची चूक. तयार कपड्यांचा नंबर आणि पॅटर्नचा, म्हणजे कापड बेतायच्या छापील कागदी साच्याचा, नंबर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. सिम्प्लिसिटी, मॅक्कॉल्स, बटरिक, व्होग या पॅटर्न कंपन्यांच्या तक्त्यात 36 इंच छातीला 14 नंबर येतो. मी पहिल्यांदा दुकानातल्या सवयीने 10 नंबर कापला, आणि ड्रेस खांद्यांवरून खाली उतरेचना.

मग सरळ 14 कापायचा? थांबा. पॅटर्नच्या पाकिटावर असतं ते अंगाचं माप. शिवून झाल्यावर ड्रेस किती भरेल, ते माप वेगळं आणि ते बहुधा पॅटर्नच्या कागदावरच छापलेलं असतं. दोन्हींतला फरक म्हणजे ठेवलेला सैलपणा. छातीत 2-3 इंच असेल तर ड्रेस अंगासरशी बसेल. 6 इंच असेल तर तो झोळीसारखा लोंबेल, भले पाकिटावरच्या मॉडेलला तो कितीही शोभून दिसो. तुमच्याकडचा एखादा आवडता सुती ड्रेस मोजा आणि त्याच्याशी ताडून नंबर ठरवा.

खांदे आणि गळा मोठे होतात, छातीत मात्र नीट बसतो, अशी तक्रार असेल तर कारण वेगळं आहे. या कंपन्यांचे बरेचसे पॅटर्न बी कप, म्हणजे ब्राच्या मापातली मध्यम छाती, धरून आखलेले असतात. काखेतून, छातीच्या वरच्या भागावरून टेप फिरवून माप घ्या. भरलेल्या छातीचं माप त्यापेक्षा 2 इंचांहून जास्त असेल, तर नंबर वरच्या मापावरून निवडा आणि छातीपाशी पॅटर्न वाढवा. कंबर वेगळ्या नंबरात बसत असेल तर पॅटर्नवर कापायची रेघ एका नंबराच्या रेषेवरून दुसऱ्या नंबराच्या रेषेवर अलगद वळवत न्या. मग मांजरपाटाचा नुसता वरचा भाग शिवून अंगावर घालून बघा. घेरदार स्कर्टची चाचणी मी कधीच घेत नाही, तिथे चुकायला फारसं काही नसतं.

माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं जादा कापड, किती, हे वाचल्याशिवाय कात्री उचलू नका. वरच्या कंपन्यांच्या पॅटर्नमध्ये साधारण 1.5 सेंमी माया धरलेली असते. बुर्डा या शिवणकामाच्या मासिकातल्या पॅटर्नला ती आपणच सोडायची असते. शिवताना मायेत 3 मिमीचा फरक किरकोळ वाटतो, पण शिवण दोन्ही तुकड्यांतून जाते. अशा चार उभ्या शिवणी असल्या की घेरात जवळजवळ 2.5 सेंमी इकडचे तिकडे होतात. घरी छापायचा पॅटर्न असेल तर आधी चाचणीचा चौकोन असलेलं पान 100 टक्के आकारात छापा आणि पट्टीने मोजा. तो चौकोन जुळला तरच पुढची पानं.

कापड आधी धुवा, ड्रेस ज्या पद्धतीने धुणार त्याच पद्धतीने. सुती कापड 3 ते 5 टक्के सहज आटतं, म्हणजे मीटरभर लांबीत 3 ते 5 सेंमी. बेतताना पॅटर्नवरचा उभ्या धाग्याचा बाण कापडाच्या काठाशी समांतर हवा. बाणाच्या दोन्ही टोकांपासून काठापर्यंतचं अंतर मोजा, डोळ्यांवर विसंबू नका. स्कर्ट पायाभोवती पिळ खात असेल तर बहुधा इथेच घसरलेलं असतं. आणि बेतून झालं की त्यावर इलाज नाही.

गळा तोंड वासून उभा राहतो, त्याचं काय? गोल किंवा व्ही गळ्याची कड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी, जाते. ती नुसती हाताळल्यानेही ताणते, बेतलेला तुकडा खांद्याला धरून लटकवला तर विचारूच नका. म्हणून कापल्या-कापल्या, बाकी काही जोडण्याआधी, मायेच्या आत एकेरी कापडावर साधी टीप घाला. व्ही गळ्याला खांद्यापासून टोकाकडे दोन्ही बाजूंनी. मी बरीच वर्षं ही पायरी फालतू समजून गाळत होते. गळा आधीच ताणला असेल तर गळ्याला आतून लावलेली पट्टी उसवा, कडेला लांब टाक्याची टीप घालून धागा किंचित ओढा आणि वाफेच्या इस्त्रीने जादा कापड बसवा. सेंटीमीटरभर ढिलाई अशी जिरते, त्याहून जास्त नाही.

आतली पट्टी सारखी बाहेर डोकावत असेल, तर माया पट्टीकडे वळवून पट्टी आणि माया यांवरून कडेलगत टीप घाला. ती वरच्या कापडावर येऊ देऊ नका. त्याआधी गळ्याच्या वळणावर मायेला कात्रीने छोटे काप द्या, नाहीतर गळा चुरगळलेला दिसेल. टक्सचं, म्हणजे छातीपाशी आकारासाठी घातलेल्या निमुळत्या चुणीचं, टोक फुगत असेल तर तिथे उलटी टीप घालू नका. शेवटचे टाके अगदी घडीच्या कडेने नेऊन धागे हाताने गाठवा.

घोळाची, म्हणजे ड्रेसच्या खालच्या कडेची, दुमड सगळ्यात शेवटी. घेर उरेब असेल तर ड्रेस 24 तास हँगरवर टांगून ठेवा, कारण कापड जागोजागी कमीजास्त लोंबतं. मग ड्रेस अंगात घालून, जे सँडल घालणार तेच पायात घालून, कुणाकडून तरी जमिनीपासून मोजून टाचण्या लावून घ्या. तुम्ही स्वतः वाकून बघितलं की माप बदललंच.