वाईत पर्यटक थांबावेत असं वाटतं? मग या चुका टाळा

पुण्याहून गाडी येते, ढोल्या गणपतीचं दर्शन होतं, कृष्णा नदीच्या घाटावर फोटो निघतात आणि अर्ध्या तासात गाडी महाबळेश्वरच्या वाटेवरच्या पसरणी घाटाला लागते. पेठेत कुणी शिरतच नाही. मग 'प्रसिद्धी कमी पडते' म्हणून आणखी फलक लागतात. माणसं येतातच, ती थांबत नाहीत, आणि याची कारणं बहुधा नियोजनात सापडतात.

'महाबळेश्वरला जाता जाता वाई'

अशी जाहिरात केली की पाहुणा घाईतच येतो, तोही भर दुपारी, तापलेल्या दगडावर. त्याऐवजी पूर्ण दिवसाचा क्रम छापा: सकाळी नऊच्या आत घाट पायी, मग सुमारे तीन किलोमीटरवरची मेणवली, पुढे धोमचं नृसिंह मंदिर आणि संध्याकाळी पेठ. खरेदी शेवटी ठेवली की पिशव्या दिवसभर वागवाव्या लागत नाहीत. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा खासगी मालकीचा आहे. आत जायची वेळ आणि परवानगी आधी विचारूनच तो कार्यक्रमात धरा. मोठ्या बस आळ्यांत घुसवू नका. एक बस अडली की सगळी पेठ अडते.

भरल्या नदीचा एकच फोटो

हा फोटो पावसाळ्यातला असतो. मे महिन्यात आलेल्याला उतरलेलं पात्र आणि जलपर्णी दिसली की फसवल्यासारखं वाटतं. ऋतूप्रमाणे निदान तीन फोटो द्या.

पावसाळ्यातली चूक मात्र जिवावर बेतते. वरच्या अंगाला धोम धरण आहे. विसर्ग वाढला की खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. धोक्याची पाटी खालच्या पायरीवर लावली, तर नेमकी गरज असते तेव्हा तीही बुडते. ती घाटाच्या माथ्यावर, प्रत्येक वाटेच्या तोंडाशी हवी. पाणी ओसरल्यावरही लगेच घाट खुला करू नका, कारण काळ्या दगडावर गाळ आणि शेवाळ राहतं. कडक ब्रश आणि पाण्याने घासा. अ‍ॅसिड ओतू नका, त्याने दगडांमधला चुना खाल्ला जातो. सांध्यांत सिमेंट भरणं तितकंच वाईट. सिमेंट चुन्यापेक्षा टणक असतं आणि ओल बाहेर पडू देत नाही, त्यामुळे कालांतराने दगडाच्याच कडा फुटतात. आणि गुळगुळीत फरशी घाटावर नकोच.

माहिती सांगतानाही हेच पाणी विसरलं जातं. 1762 साली गणपतराव रास्ते यांनी बांधलेल्या ढोल्या गणपती मंदिराची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचा लोंढा दुभंगून बाजूने निघून जावा म्हणून. पाहुण्याला समोरूनच परत पाठवू नका, मागे नेऊन ती भिंत दाखवा.

उत्सवाची गेल्या वर्षीची तारीख

कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव घाटोघाट वेगवेगळ्या दिवशी असतो आणि तिथीवर चालतो. 'फेब्रुवारीत उत्सव' असं मोघम छापलं की माणूस रिकाम्या मांडवात येऊन उभा राहतो. नवं पंचांग आलं की प्रत्येक घाटाच्या उत्सव मंडळींकडून तिथी आणि तारीख दोन्ही घ्या. प्रसादाच्या पंगतीत सहलीचा गट न विचारता बसवू नका, तो त्या आळीचा देवाचा कार्यक्रम आहे. रंगपंचमीचं वाईजवळच्या बावधन गावचं बगाड (नवस फेडणाऱ्याला उंच लाकडाला टांगून बैलांच्या गाड्यावरून नेण्याची यात्रा) तर 'वाटेत पाहून घेऊ' म्हणून विकूच नये. त्या दिवशी रस्ता गर्दीचाच असतो.

हळदीवर चुकीचं नाव

जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालेली 'वायगाव हळद' वर्धा जिल्ह्यातली आहे. नावातल्या सारखेपणामुळे तो शिक्का वाईच्या पाकिटावर छापला, तर ग्राहकाची फसवणूक होते आणि कायद्याचाही घोळ. तालुक्यातल्या शेतकऱ्याची हळद असेल तर गावाचं नाव, हंगाम आणि दळल्याची तारीख लिहा. पाकिटं शंभर आणि अडीचशे ग्रॅमची ठेवा, प्रवासी किलोभर सहसा घेत नाही. शेजारी हळकुंडांची परडी असू द्या. गिऱ्हाइकासमोर एक हळकुंड मोडून आतला रंग दाखवला की भावाची घासाघीस कमी होते.