अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासाचा आणि शासनव्यवस्थेचा अभ्यास करताना या चुका टाळा

अमेरिकी राज्यक्रांती आणि तिच्यातून उभी राहिलेली शासनव्यवस्था हा विषय इतिहासाच्या, राज्यशास्त्राच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना वाचावाच लागतो. मात्र तो वाचून लिहिलेल्या उत्तरांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा आढळतात. त्यांच्या मुळाशी गेल्यास बहुतेक वेळा दोन कारणे हाती लागतात. १७७६ ते १७९१ या पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने घडलेल्या गोष्टी एकाच घटनेत गुंडाळल्या जातात, हे पहिले कारण. काँग्रेस, राज्य, संघराज्य, प्रेसिडेंट हे शब्द आपल्या ओळखीचे असल्यामुळे त्यांना भारतातला अर्थ चिकटवून ते वाचले जातात, हे दुसरे.

तारखा आणि दस्तऐवज यांची गल्लत

अमेरिकेतील तेरा वसाहतींनी ब्रिटनपासून वेगळे होण्याचा ठराव काँग्रेसने, म्हणजे त्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, २ जुलै १७७६ रोजी मंजूर केला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मजकूर ४ जुलैला स्वीकारला आणि बहुतेक सदस्यांच्या सह्या २ ऑगस्टला झाल्या. त्यामुळे ‘४ जुलैला सर्व ५६ जणांनी सह्या केल्या’ हे विधान चूक आहे. याहून गंभीर गोष्ट म्हणजे जाहीरनामा आणि राज्यघटना यांना एकच समजणे. जाहीरनाम्याने स्वातंत्र्याचे समर्थन केले. शासन कसे चालेल, हे त्यात सांगितलेले नाही. राज्यघटना त्यानंतर अकरा वर्षांनी, म्हणजे २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७ या काळात फिलाडेल्फियाच्या परिषदेत तयार झाली. उत्तरात ‘थॉमस जेफरसन यांनी राज्यघटना लिहिली’ असे वाक्य आले असेल, तर ही गल्लत झालीच आहे असे समजावे; त्यांनी मसुदा लिहिला तो जाहीरनाम्याचा. परिषद भरली तेव्हा जेफरसन पॅरिसमध्ये आणि जॉन अ‍ॅडम्स लंडनमध्ये राजनैतिक प्रतिनिधी होते. परिषदेस ५५ प्रतिनिधी हजर राहिले, ३९ जणांनी सह्या केल्या आणि ऱ्होड आयलंडने एकही प्रतिनिधी पाठवला नाही.

चहाचा कर वाढला होता का?

‘ब्रिटिशांनी चहावरील कर वाढवला, म्हणून बोस्टन टी पार्टी घडली’ हे वाक्य इतक्या सर्रास लिहिले जाते की त्यावर थोडे थांबावे लागते. १७७३ च्या चहा कायद्याने नवा कर लावला नाही. पौंडामागे तीन पेन्सचा कर १७६७ पासूनच होता. नव्या कायद्याने आर्थिक अडचणीत सापडलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला आपला चहा वसाहतींत थेट विकण्याची सवलत दिली आणि त्यामुळे चहा उलट स्वस्त होणार होता. वसाहतींचा आक्षेप दोन गोष्टींना होता: स्वस्त चहा विकत घेतला की पार्लमेंटचा कर बसवण्याचा अधिकार आपण मुकाट्याने मान्य केल्यासारखे होईल, आणि स्थानिक व्यापाऱ्यांना बाजूला सारून कंपनीची मक्तेदारी निर्माण होईल. १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या, त्या या आक्षेपापोटी. कंपनीचे नाव पाहून हा चहा भारतातला असावा असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते; तो चीनमधला होता. आसाममधील चहाची लागवड १८३० च्या दशकातली आहे.

‘प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही’ या घोषणेचा अर्थही असाच निसटतो. वसाहतींना ब्रिटिश पार्लमेंटमध्ये जागा हव्या होत्या, असा तो नाही. १७६५ मध्ये मुद्रांक कायद्याविरुद्ध न्यूयॉर्कला भरलेल्या परिषदेने स्पष्टच म्हटले की, अंतर पाहता वसाहतींना तेथे प्रतिनिधित्व मिळणे शक्य नाही आणि म्हणून कर बसवण्याचा अधिकार फक्त वसाहतींच्या स्वतःच्या विधिमंडळांना आहे.

१७८१ ते १७८९ हा काळ वगळणे

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक ही आहे, कारण हा काळ वगळला की राज्यघटनेतील निम्म्या तरतुदी का केल्या गेल्या हेच कळत नाही. वॉशिंग्टन अध्यक्ष होण्यापूर्वी अमेरिकेत एक शासनव्यवस्था अस्तित्वात होती. महासंघाची कलमे (आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन), म्हणजे तेरा राज्यांना एकत्र बांधणारा करार, काँग्रेसने नोव्हेंबर १७७७ मध्ये स्वीकारली आणि मेरीलँडच्या मान्यतेनंतर ती १ मार्च १७८१ रोजी अमलात आली. या व्यवस्थेत प्रत्येक राज्याला, ते केवढेही असो, एकच मत होते. स्वतंत्र कार्यकारी प्रमुख नव्हता, राष्ट्रीय न्यायव्यवस्था नव्हती. काँग्रेस राज्यांकडे पैसे मागू शकत होती, पण नागरिकांवर कर बसवू शकत नव्हती. कलमांत बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती लागे. या अटीचा परिणाम पाहायचा असेल, तर आयात मालावर पाच टक्के जकात बसवण्याचे दोन प्रयत्न पाहावेत: पहिला एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे बारगळला आणि दुसरा न्यूयॉर्कच्या. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेज यांच्या नेतृत्वाखाली उठाव केला, तेव्हा तो मोडण्यासाठी उभ्या केलेल्या फौजेचा खर्च बोस्टनच्या धनिकांनी उचलला. काँग्रेसजवळ त्यासाठी पैसाही नव्हता आणि सैन्यही नव्हते. फिलाडेल्फियाची परिषद भरण्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

याचा अर्थ ते शासन सर्वस्वी अपयशी ठरले, असे लिहिणेही बरोबर नाही. १७८३ चा पॅरिसचा तह त्याच काळात झाला, आणि ओहायो नदीच्या वायव्येकडील प्रदेशात गुलामगिरीला बंदी घालणारा १७८७ चा अध्यादेशही याच काँग्रेसने काढला.

ओळखीचे शब्द, वेगळे अर्थ

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना याच धोक्याकडे लक्ष वेधले होते. भारताच्या प्रेसिडेंटचे पदनाम अमेरिकेच्या प्रेसिडेंटची आठवण करून देते, परंतु नावाच्या साम्यापलीकडे त्या दोन शासनपद्धतींत काहीही समान नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. अमेरिकेचा अध्यक्ष प्रत्यक्ष कार्यकारी प्रमुख असतो आणि त्याचे मंत्री विधिमंडळाचे सदस्य नसतात. ‘काँग्रेस’ हे तेथील द्विगृही विधिमंडळाचे नाव आहे, पक्षाचे नाही. सिनेटची तुलना राज्यसभेशी करताना दोन फरक विसरू नयेत: तेथे प्रत्येक राज्याला समान, म्हणजे दोनच जागा आहेत, आणि १९१३ पर्यंत सिनेटर राज्यांची विधिमंडळे निवडत, त्यानंतर ते थेट जनतेकडून निवडले जाऊ लागले.

‘फेडरलिस्ट’ या शब्दाचे दोन काळ आहेत. १७८७-८८ मध्ये नव्या घटनेच्या समर्थकांना हे नाव होते आणि त्यांत जेम्स मॅडिसन आघाडीवर होते. १७९० च्या दशकात ते वॉशिंग्टन यांचे अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या पक्षाचे नाव झाले आणि त्या पक्षाचे प्रमुख विरोधक होते जेफरसन व तेच मॅडिसन. उत्तरात साल लिहिल्याशिवाय हा शब्द वापरू नये.

शेषाधिकारांबाबतही, म्हणजे घटनेत कोणाकडेही न सोपवलेल्या अधिकारांबाबतही, असेच होते. भारतात ते केंद्राकडे आहेत, अमेरिकेत दहाव्या दुरुस्तीनुसार राज्यांकडे किंवा जनतेकडे. यावरून ‘घटनेत शब्दशः लिहिलेलेच अधिकार केंद्राला आहेत’ असा निष्कर्ष मात्र काढू नये. महासंघाच्या कलमांत ‘स्पष्टपणे’ दिलेले अधिकार असा शब्द होता. दहाव्या दुरुस्तीत तो घालण्याची सूचना आली आणि फेटाळली गेली. राष्ट्रीय बँकेच्या प्रश्नावर १८१९ मध्ये निकाल देताना सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी नेमक्या याच फरकाचा आधार घेतला.

तीन-पंचमांश तडजोड

‘गुलामांना तीन-पंचमांश मत देण्यात आले’ असे लिहिलेले आढळते. गुलामांना मताचा कोणताही अंश मिळाला नव्हता. प्रतिनिधिगृहातील जागा आणि प्रत्यक्ष कर लोकसंख्येनुसार ठरवताना पाच गुलामांमागे तीन माणसे मोजावीत, अशी ती तरतूद होती. येथे कोण काय मागत होते, हे उलटे समजण्याचा संभव फार मोठा आहे. गुलामांची पूर्ण गणना व्हावी, असा आग्रह गुलाममालकांच्या दक्षिणेचा होता, कारण त्यामुळे त्यांच्या जागा वाढणार होत्या. विरोध उत्तरेतून होता. १७९० च्या जनगणनेत एकट्या व्हर्जिनियात सुमारे २ लाख ९२ हजार गुलाम होते. त्यांच्यामुळे जागावाटपाच्या हिशेबात सुमारे १ लाख ७५ हजारांची भर पडली आणि त्या वाढीव प्रतिनिधित्वाचा उपयोग त्यांच्या मालकांनी केला. अध्यक्षाची निवड करणाऱ्या निर्वाचकांची प्रत्येक राज्यातील संख्या प्रतिनिधींच्या संख्येशी जोडलेली असल्याने तेथेही हाच लाभ मिळाला. मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्द कुठेही नाही. ‘इतर सर्व व्यक्ती’ असा आडवळणाचा शब्दप्रयोग आहे. तो शब्द टाळल्याने ती गोष्ट सौम्य होत नाही, आणि उत्तर लिहिणाऱ्यानेही ती सौम्य करू नये.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, हे मराठी वाचकांना माहीत असते. त्यावरून घटनाकारांनीच गुलामगिरी संपवली असा समज कधी कधी होतो. फुल्यांचा आदर यादवी युद्धाच्या पिढीतील गुलामगिरीविरोधी लोकांविषयी होता. गुलामगिरी संपवणारी तेरावी दुरुस्ती १८६५ ची आहे. १७८७ च्या घटनेने तर १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी घालण्यास काँग्रेसला मनाई केली होती.

सत्ताविभाजन आणि न्यायालय

तिन्ही शाखा एकमेकींपासून पूर्ण अलग आहेत, असे लिहिणे चूक आहे. अध्यक्षाला नकाराधिकार आहे, तहांना सिनेटच्या दोन-तृतीयांश मतांची संमती लागते आणि उपाध्यक्ष सिनेटचा पीठासीन अधिकारी असतो. कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार घटनेत शब्दांत लिहिलेला नाही; १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात तो प्रस्थापित झाला. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे रद्दबातल ठरवणारा आपल्या संविधानातील अनुच्छेद १३ डोळ्यांसमोर ठेवून तसेच कलम तेथे शोधू नये.

हक्कांची सनद कोणाला बांधत होती?

मूळ घटनेत हक्कांची सनद नव्हती. घटनेच्या विरोधकांनी याच मुद्द्यावर रान उठवले. पुढे काँग्रेसने १७८९ मध्ये बारा दुरुस्त्या सुचवल्या आणि त्यांपैकी दहा १५ डिसेंबर १७९१ रोजी मंजूर झाल्या. तेव्हापासून प्रत्येक अमेरिकन नागरिकाला सर्व सरकारांविरुद्ध हे हक्क मिळाले, असे मानले जाते, पण तसे घडले नाही. पहिल्या दुरुस्तीचे वाक्यच ‘काँग्रेस’ या शब्दाने सुरू होते: अमुक कायदे काँग्रेस करणार नाही. राज्यांच्या विधिमंडळांविषयी ती काहीच बोलत नाही. त्यामुळे मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी कर घेण्याची पद्धत १८३३ पर्यंत चालू राहिली आणि त्यात घटनाभंग झाला नाही. त्याच वर्षी, बाल्टिमोर शहराच्या कामांमुळे गाळ साचून आपला धक्का निकामी झाला म्हणून भरपाई मागणाऱ्या जॉन बॅरन यांना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पाचवी दुरुस्ती केवळ केंद्रशासनाला लागू आहे. राज्यांना बांधणारी चौदावी दुरुस्ती १८६८ मध्ये आली, आणि भाषणस्वातंत्र्य तिच्यामार्फत राज्यांनाही लागू आहे, असे न्यायालयाने १९२५ मध्ये गिटलो खटल्यात गृहीत धरले. त्या खटल्यातही बेंजामिन गिटलो यांची शिक्षा कायमच राहिली.